कालिंदाचा सातबारा

गोष्टीतली माणसं कुठून आणता, असं कुणी विचारलं की मी 'दप्तरातून' असं उत्तर देते. लोक हसतात. बाईंना विनोद जमतो, असं त्यांना वाटत असावं. पण उत्तर खरं आहे. नोकरीची सगळी वर्षं मी धाराशिव जिल्ह्यात तलाठी म्हणून काढली. सरकारनं या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी केलंय, गावात मात्र 'तलाठी मॅडम' हेच चालतं. कळंब, भूम, लोहारा असे तालुके बदलले, सज्जे बदलले आणि त्या-त्या गावची माणसं डोक्यात साठत गेली. दिवसा दप्तर आणि रात्री जेवणं आटोपल्यावर कथेची वही. एकातलं दुसऱ्यात सांडणारच.

लिहायला लागले तेव्हा एका कथालेखन कार्यशाळेला गेले होते. तिथं प्रत्येकाला झेरॉक्स केलेला एक तक्ता दिला. वर ठळक अक्षरात 'पात्रपरिचय'. खाली रकाने : उंची, वर्ण, डोळ्यांचा रंग, आवडता पदार्थ, छंद, सर्वांत मोठी भीती, आयुष्याचं ध्येय. शिकवणारे गृहस्थ मनापासून सांगत होते आणि तक्ता काही टाकाऊ नव्हता. माझ्या डोक्यात तेव्हा भूमकडचा एक खवाभट्टीवाला होता. त्याला घेऊन मी रकाने भरायला बसले. वर्ण सावळा. आवडता पदार्थ ठेचा-भाकरी. छंद? पहाटे गवळ्यांचं दूध येतं, कढईखाली जाळ लागतो आणि दूध आटेपर्यंत त्याचा हात थांबत नाही. थांबला तर बूड लागतं. या माणसाला छंद कुठला विचारायचा? ध्येय काय लिहायचं? सगळे रकाने भरले तरी भट्टीवाला कागदावर आडवाच पडलेला.

मग मी त्याच कागदाच्या मागं लिहिलं : म्हशी घ्यायला त्यानं किती गवळ्यांना उचल दिलीय? त्यातली कुणाची फिटत नाही? तो स्वतः ज्या व्यापाऱ्याला खवा घालतो त्याच्याकडून त्यानं किती उचललेत? दूध नासलं तर तोटा कुणाच्या अंगावर? एवढं लिहिल्याबरोबर तो उठून बसला. गवळ्याशी वरच्या आवाजात आणि व्यापाऱ्याशी खालच्या आवाजात बोलायला लागला. त्याचे डोळे कुठल्या रंगाचे आहेत हे मला आजही ठाऊक नाही.

तेव्हापासून माझ्या पात्रांसाठी मी हाताला सवयीचाच नमुना वापरते. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सातबारा. सातवर जमीन कुणाच्या नावावर, किती, तिच्यावर आणखी कुणाकुणाचा अधिकार. बारावर त्या जमिनीत हंगामागणिक काय पिकलं आणि किती पड राहिली. मालकीत किंवा अधिकारात काहीही बदल झाला की त्याची नोंद नमुना सहाला, म्हणजे फेरफाराला. एका शेताची हकिकत सांगायला सरकारला हे तीन कागद पुरतात. माणसाचीही हकिकत यात बसवता येते, फक्त रकान्यांचे अर्थ थोडे ओढून घ्यावे लागतात.

कालिंदाचं उदाहरण घेऊन सांगते. ती माझ्या एका दीर्घकथेतली बाई. खऱ्या आयुष्यात ती कुठंच नाही, तिचा एकेक तुकडा मात्र बऱ्याच बायांकडून आलेला आहे.

आधी नाव. आमच्याकडं नावावरून पिढी कळते, बरेचदा मुलूखही कळतो. तुळजापूरच्या देवीमुळं अंबादास, तुळजाराम, भवान ही नावं जिल्हाभर. तेरच्या आसपास गोरोबा. लिंगायत घरात मन्मथ, शिवलिंग. उमरग्याकडं कर्नाटकाची हद्द लागते, तिकडं नावाच्या शेवटी 'आप्पा' येतो. बायकांत महानंदा, कालिंदा, प्रयाग, कौसाबाई ही एका काळातली नावं. त्यांच्या मुली सुनीता-अनिता झाल्या आणि नाती श्रेया-अन्वी. माझी बाई पन्नाशीच्या आत-बाहेरची होती. तिचं नाव कालिंदा ठेवलं आणि तिच्या धाकट्या भावाचं अंबादास.

मग वय. जुन्या माणसांना जन्मतारीख विचारून उपयोग नसतो. शाळेच्या दाखल्यावर निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा, कारण पोराला शाळेत घालताना गुरुजींनी जी तारीख सोयीची ती टाकली. खरं वय विचारायचं तर 'रझाकाराच्या टायमाला केवढे होता?' असं विचारायचं, म्हणजे १९४८च्या पोलिस कारवाईच्या आगंमागं. त्यानंतरच्यांना 'बहात्तरच्या दुष्काळात' आणि त्याच्याही नंतरच्यांना 'भूकंपाच्या वक्ताला'. माणूस लगेच सांगतो. कालिंदाची आई १९७२ला दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि कालिंदा तेव्हा पोटात होती. म्हणजे वय तर मिळालंच, शिवाय आई-लेकीचं नातंही मिळालं. 'तू पोटात हुतीस तवा मी दगडं फोडली' हे वाक्य आई तिला आयुष्यभर ऐकवणार, हे मला तिथंच कळलं.

आता सातबारा. कालिंदाच्या बापाची मांजरा नदीच्या अंगाला पाच एकर जमीन. बाप वारला तेव्हा कालिंदा बारा वर्षांची, अंबादास सहाचा. वारसाची नोंद झाली. त्या काळी मुलींची नावं बरेचदा मालकांच्या रांगेत न घेता 'इतर अधिकारा'त टाकली जायची, ज्याला लोक 'इतर हक्क' म्हणतात. मालक म्हणून नाव लागलं अंबादासचं; पण तो अज्ञान, म्हणून त्याच्या नावापुढं 'अ.पा.क.' असा शेरा आणि पालनकर्ती म्हणून आईचं नाव. मुलगा सज्ञान झाला की हा शेरा कमी करून घ्यायचा असतो. कुणी घेत नाही. त्यामुळं मिशा पिकलेला, सोसायटीच्या निवडणुकीत पॅनल उभं करणारा माणूस सातबाऱ्यावर अजून अज्ञान असतो आणि त्याची पालनकर्ती आई वारून वर्षं झालेली असतात. असे सातबारे मी पुष्कळ पाहिलेत. अंबादासला मी तो शेरा लावला आणि तो मला एकदम कळला. चाळिशी ओलांडली तरी बहिणीसमोर त्याचं पोरपण सुटत नाही, आणि ते सुटलेलं नाही हे त्याला खुपतं.

कालिंदाच्या नावावर काय? माहेरच्या पाच एकरात इतर हक्कात एक ओळ, जी तिनं कधी पाहिलेली नाही. सासर वाशी तालुक्यात. तिथं तिच्या नावावर घर नाही, शेत नाही. पण तिच्याकडं दोन शेळ्या आहेत. आमच्याकडची शेळी, जी उस्मानाबादी म्हणून सगळीकडं ओळखली जाते, अंगानं काळी आणि बहुतेक जुळी करडं देणारी. करडं विकून आलेला पैसा घरात कुणी मोजून मागत नाही. त्यातून तिनं मुलीचे कॉलेजचे पैसे भरले, एकदा नवऱ्याचा दवाखानाही केला. म्हणजे कागदावर जे तिचं आहे त्याला तिनं हात लावलेला नाही आणि जे खरोखर तिचं आहे त्याला कागदच नाही.

पात्राची माहिती जमवताना मी हीच जागा शोधत असते. महसुलात याला कागद आणि वहिवाट म्हणतात. नाव एकाचं असतं, कसतो दुसराच. बांध नकाशात सरळ असतो, शेतात वाकडा. सामाईक विहिरीत कागदावर चार आणे हिस्सा असतो. प्रत्यक्षात पाण्याची पाळी रात्री दोन वाजता येते, जेव्हा वीज नसते. कागद आणि वहिवाट जुळत असेल त्या शेतकऱ्याची माझ्या दप्तरात फेरी होत नाही. जो येतो त्याचं कुठंतरी जुळत नसतं. गोष्टीचंही तसंच आहे. ज्या माणसाचं जुळतं त्याची गोष्ट होत नाही.

इतर हक्काचा रकाना मी सगळ्यांत जास्त वेळ भरते. शेतावर बँकेचा बोजा असतो, कुळाचा हक्क असतो, वाटेचा हक्क असतो. माणसावरही असतात. कालिंदाच्या इतर हक्कात मी लिहिलं : सासूची शेवटची चार वर्षं हिनं काढली, त्या बदल्यात सासूनं हिला दिलेल्या पाटल्या जाऊबाईला सलतात. बचत गटाचं कर्ज हिच्या सहीवर, पैसे वापरले दिरानं. मुकादमाची उचल घेऊन नवऱ्याबरोबर कोयत्यावर गेली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात आणि उचल त्या जोडीच्या नावावर असते, पण पैसे पुरुषाच्या हातात पडतात. यातली एकही गोष्ट तिच्या स्वभावाबद्दल नाही. ती मायाळू आहे की तिरसट, धीट की भित्री, यातलं मी काहीच लिहिलं नव्हतं. एवढ्या जणांचं एवढं तिच्यावर आहे म्हटल्यावर ती हळू आवाजात बोलणारी, पण हिशेब न विसरणारी बाई असणार, हे आपोआप ठरलं.

बारा नंबरवर पिकं. आमच्या भागातल्या जुन्या पीकपाहण्या चाळल्या तर पन्नास वर्षांत शेती कशी फिरली ते दिसतं. आधी ज्वारी, तूर, करडई, जवस, मध्ये सूर्यफुलाची लाट, मग सोयाबीन, जिथं पाणी आलं तिथं ऊस. २०२१पासून शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर ई-पीक पाहणी करायची पद्धत आली, तोवर ही नोंद तलाठ्याच्या हातची. त्यात मधूनच एखाद्या वर्षी 'पड' लिहिलेलं असतं. दुष्काळ असेल तर सगळ्या गावाच्या शेतात पड. पण गावात पीक आणि एकाच गटात पड असेल तर त्या घरात काहीतरी झालेलं असतं. कालिंदाची बारा नंबरची वर्षं मी अशीच मांडली. कोणत्या वर्षी काय पिकलं आणि कोणतं वर्ष पड गेलं. धाकटा मुलगा तापानं गेला ते वर्ष पड. त्या वर्षी ती माहेरी आली नाही आणि भाऊही न्यायला गेला नाही. कथेत हे वर्ष मी कुठंच सांगितलेलं नाही. पण ती भावाशी बोलताना ज्या ठिकाणी थांबते, ते थांबणं त्या पडीक वर्षातून आलंय.

फेरफारानं मला आणखी एक गोष्ट शिकवली. फेरफाराला कारण लागतं. वारस, खरेदी, वाटणी, बक्षीसपत्र, हक्कसोड, काहीतरी. कारणाशिवाय नाव बदलत नाही. शिवाय संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात आणि मगच मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. लिहिताना एखादं पात्र मधेच सुधारलं, बिघडलं, मोठ्या मनाचं झालं की मी स्वतःला विचारते, कारण कोणतं? नोटीस कुणाला गेली? हरकत कुणाची आली? दारुडा नवरा एका रात्रीत सुधारतो तेव्हा त्याच्या बायकोला, पोरांना, गुत्तेवाल्याला काही म्हणायचं असतंच. ते ऐकून घेतल्याशिवाय माझ्याकडं नोंद मंजूर होत नाही.

कागद झाले की पाहणी. तलाठ्यानं चावडीत बसून पीक लिहायचं नसतं, बांधावर जायचं असतं. लोहारा तालुक्यात असताना सास्तूरच्या बाजूच्या एका पुनर्वसित गावात मी कामानिमित्त जायची. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, या पट्ट्यातली दगड-मातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. वरचं माळवद मातीचं आणि भारी, खालच्या भिंती बिनसिमेंटच्या दगडांच्या. हजारो माणसं गेली. नंतर रुंद रस्ते आणि ओळीनं प्लॉट असलेली नवी गावं वसली. अशाच एका घरात एक म्हातारी होती. तिची बाज कायम उंबऱ्यात. पायाकडचा भाग घरात, डोक्याकडचा ओसरीवर. उन्हाळ्यात मला वाटलं वाऱ्याला झोपत असतील. पुढं थंडीत गेले तर बाज तिथंच, वर दोन वाकळा. मी म्हटलं, 'आजी, आत घ्या की बाज, थंडी केवढी!' तर म्हणाली, 'ऱ्हाऊ दे. डोकं भाईर असलं म्हंजी बरं असतंय.' आणि लगेच मला चहाचं विचारलं.

तिच्या सुनेला विचारलं तर ती म्हणाली, 'आमचं लगीन झाल्यापासनं असंच हाय.' घरातल्या कुणालाही त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. कार्यशाळेच्या तक्त्यात हे भरायचं झालं तर 'सर्वांत मोठी भीती : भूकंप' असं लिहावं लागलं असतं. आणि ते लिहून काहीच हाती लागलं नसतं, कारण म्हातारी भूकंपाबद्दल बोलत नव्हती, घाबरतही नव्हती. मी वहीत फक्त 'बाज उंबऱ्यात' एवढं लिहिलं. तेवढ्यातून एक कथा झाली.

या कामात मला दोन गुरू जिल्ह्यातच भेटले. एक कळंब तालुक्यातल्या हासेगावचे भास्कर चंदनशिव. त्यांची 'लाल चिखल' शाळेच्या पुस्तकामुळं महाराष्ट्रभर ठाऊक आहे. टोमॅटो घेऊन बाजारात आलेला शेतकरी आणि भाव नसणं, एवढंच त्यात आहे. त्या शेतकऱ्याचे नाक-डोळे कसे आहेत हे वाचकाला आठवत नाही, पण बाजारात गिऱ्हाइकाशी बोलताना त्याचा जीव कसा वर-खाली होतो ते विसरता येत नाही. किलोचा भाव किती उतरला हे वाचताना कळतं आणि त्या भावाबरोबर माणूस कुठवर उतरू शकतो आणि कुठं उतरत नाही, हेही कळतं. चंदनशिवांनी पात्राला भावाच्या काट्यावर उभं केलंय.

दुसरे तेरचे गोरोबाकाका. तेरच्या घरी संतमंडळी जमलेली. मुक्ताबाईनं थापटणं पाहिलं आणि ते कशासाठी म्हणून विचारलं. कच्चं-पक्कं मडकं ओळखायला, असं गोरोबा म्हणाले. मग आमचीही पारख करा, असं ठरलं. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. सगळे मुकाट बसले, नामदेव चिडले. ही गोष्ट आमच्याकडं लहान पोराला ठाऊक असते आणि कीर्तनात ती गुरूचं महत्त्व सांगायला येते. मी तिच्याकडं वेगळ्या लोभानं पाहते. एका कृतीत इतकी माणसं वेगवेगळी दिसतात. विचारणारी धाकटी मुक्ताबाई, आडपडदा न ठेवता मारणारा कुंभार, गप्प बसणारे आणि मान राखला नाही म्हणून दुखावलेला विठ्ठलाचा लाडका. कुणाचंच वर्णन नाही. सगळ्यांना एकाच प्रसंगात बसवलंय, बस्स. २०२०च्या जानेवारीत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या अध्यक्षतेखाली ९३वं साहित्य संमेलन आमच्या गावी, तेव्हाच्या उस्मानाबादला झालं. त्या नगरीला गोरोबाकाकांचंच नाव दिलं होतं. पुस्तकांच्या गाळ्यांमधून फिरताना मला वाटत होतं, कथा लिहिणाऱ्यांसाठी याहून योग्य नाव सापडलं नसतं.

गोरोबांचं पाहून मीही माझ्या पात्रांना एका ठरावीक प्रसंगात बसवून बघते. माझा प्रसंग येळवशीचा. मार्गशीर्षातल्या अमावस्येला धाराशिव, लातूरकडची गावं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याची कोप करून पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि जेवायचं. पालेभाज्या आणि शेंगांच्या दाण्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिल. आंबिलाची बिंदगी डोक्यावरून शेतात न्यायची. ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी बोलावतं. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवायला बसवतात. त्यामुळं येळवशीला कोण कुणाच्या शेतात जेवलं, यावरून गावाची पत्रिका मांडता येते. बिंदगी कुणाच्या डोक्यावर? मोठ्या सुनेच्या की धाकटीच्या? वाटणी झालेले भाऊ एका कोपीत जेवतात की बांधाच्या अलीकडं-पलीकडं? शहरातून आलेला मुलगा मांडी घालून बसतो की दुचाकीला टेकून उभा? बहिणीला निरोप गेला का, आणि गेला तर भावानं फोन केला की भावजयीनं?

कालिंदाला मी येळवशीला माहेरच्या शेतात नेऊन बसवलं, तर ती बसेना. ती सारखी उठून वाढायला लागली. पाहुणी म्हणून आलेली बहीण घरच्या सुनेसारखी वाढते, आणि भावजय तिच्या हातातला तांब्या काढून घेते. 'तुमी बसा की, वन्सं.' कालिंदाला पाहुणी केलं गेलं आणि ते तिला समजलं. ही ओळ मला कुठल्याही रकान्यात सापडली नव्हती. पण रकाने भरलेले नसते तर तांब्या कुणाच्या हातात आहे याकडं माझं लक्षच गेलं नसतं.

बोलण्याचं थोडक्यात सांगते. पात्राची भाषा ठरवताना मी आधी त्याचा बाजार आणि दवाखाना ठरवते. परंड्याचा, भूमचा माणूस अडलं-नडलं की बार्शी गाठतो. उमरग्याचा सोलापूरला नाहीतर थेट कलबुर्गीला जातो. कळंबच्या माणसाला बार्शी, लातूर, अंबाजोगाई तिन्ही वाटा मोकळ्या. ज्या बाजारात माणूस जातो त्या बाजाराचे शब्द त्याच्या तोंडी येतात. 'काय करलालाव?' असं विचारणारा आणि 'काय करताय?' असं विचारणारा एकाच जिल्ह्यातले असतात. शिवाय १९८२ला लातूर जिल्हा वेगळा निघाला, त्यामुळं लातूरच्या साठीतल्या माणसाच्या जुन्या दाखल्यावर 'जि. उस्मानाबाद' असतं. आता आमच्याकडच्या नव्या कागदांवर धाराशिव असतं. कालिंदाला मी फार बोली दिली नाही. दोन-चार क्रियापदं आणि हाका तेवढ्या दिल्या. प्रत्येक शब्दाला कानडी-मराठवाडी रंग फासला तर वाचक माणूस सोडून उच्चार ऐकत बसतो.

खऱ्या माणसांचं काय, हा प्रश्न मला नोकरीमुळं जास्त टोचतो. लोक माझ्यासमोर घरातलं उघडं करतात ते तलाठी म्हणून, लेखिका म्हणून नव्हे. त्यामुळं एका घराची हकिकत मी एका पात्रात जाऊ देत नाही. जमीन एका तालुक्यातली, भांडण दुसऱ्या, आजार तिसऱ्या घरातला. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९४९च्या 'माणदेशी माणसं'मधली माणसं ओळखीची, जवळची होती. त्यांच्यापाशी तो जिव्हाळा होता आणि तो अधिकारही होता. माझ्या टेबलावर सरकारी शिक्का असतो, म्हणून मला तो मार्ग नाही. इतकं करूनही दिवाळी अंकात कथा आली की कुणीतरी भेटतंच. 'मॅडम, आमच्या चुलत्यावर लिव्हलंय न्हवं?' एकाच भावकीची कथा निरनिराळ्या गावांतल्या घरांनी आपली म्हणून सांगितलीय. ज्यांच्या चुलत्याला मी कधी पाहिलं नव्हतं तेही खात्रीनं सांगत होते. चुलते सगळीकडं असतात.

आता कथेचं सांगून थांबते. अंबादासला विहिरीवर ठिबकसाठी कर्ज काढायचं असतं. त्यासाठी अ.पा.क.चा शेरा कमी करायचा, म्हणून सातबारा निघतो आणि इतर हक्कातलं बहिणीचं नाव वर येतं. बँक म्हणते, हक्कसोड आणा. अंबादास वर्षांनंतर बहिणीच्या दारात उभा राहतो, पेढे घेऊन. पुढं दुय्यम निबंधकाच्या कचेरीत कालिंदा सही करते. हक्कसोडपत्रात ठरलेली भाषा असते : राजीखुशीनं, कुणाच्याही दबावाशिवाय, विनामोबदला. लेखनिक ती वाचून दाखवतो आणि कालिंदा 'हो' म्हणते. त्याआधी जिना चढताना ती भावाला एकच विचारते, यंदा येळवशीला न्यायला येशील का? जमीन सुटली तरी माहेर सुटू नये, हा तिचा मोबदला. तो कुठल्याच कागदावर येणार नव्हता. असं बोलणं मी कचेरीच्या व्हरांड्यात बायकांच्या तोंडून नाना तऱ्हांनी ऐकलंय.

कथा छापून आल्यावर फोन आले. काही बायका चिडल्या होत्या. सही का करू दिली, शिकलेल्या बाईनं असं लिहावं का? काही म्हणाल्या, मी पण केलीय, दुसरं काय करणार. शेवटी वाशीकडच्या एका शेतकरीण बाईंनी मला गाठलं. नातीनं कथा मोठ्यानं वाचून दाखवली होती. त्यांना सही करण्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं, येळवशीबद्दलही नाही. त्यांनी विचारलं, 'त्या विहिरीत बापाचा हिस्सा हुता न्हवं?'

'होता,' मी म्हटलं.

'मग जमीन सोडली तर सोडली. पाण्याची एक पाळी तरी ठिवायची हुती तिनं. शेळ्या हाईत, घासाला पानी लागतंय. तुमच्या कालिंदाला म्हणावं, भाऊ बोलवायचा बंद हुतो, पाळी बंद हुत न्हाई.'

मी वही काढली आणि कालिंदाच्या इतर हक्कात ती पाळी लिहून घेतली. पुढच्या कथेत अंबादासला आठवड्यातून एक रात्र बहिणीसाठी मोटर चालू करावी लागणार आहे, आणि त्याची बायको त्यावर काय म्हणते ते लिहायचं काम सध्या चालू आहे.